किरकोळ

कुणाची आजी गेली की ऑफिसातले लोक पहिला प्रश्न काय विचारतात, कधी लक्ष दिलंयत? 'कशाने गेल्या?' हा नाही. पहिला प्रश्न असतो, 'वय काय होतं?' आणि आकडा ऐंशीच्या पुढचा निघाला की समोरच्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव येतो. "चला, सोनं झालं म्हणायचं!" विषय संपला. लंचनंतर मीटिंग आहे.

त्यांचं काही चुकतं असं नाही, बरं का. तरुण माणूस गेलं की सगळे हादरतात, म्हातारं माणूस गेलं की सगळे एकदम समजूतदार होतात. त्याहून जास्त काय बोलायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. आमच्या कंपनीची लीव्ह पॉलिसीही अशीच समजूतदार. 'इमिजिएट फॅमिली'च्या यादीत नवरा, बायको, आई-वडील आणि मुलं आहेत. आजी नाही. ज्या बाईच्या हातचा वरणभात खाऊन मी साडेपाच फुटांची झाले, ती 'एक्स्टेंडेड'! आता बोला. मी दोन कॅज्युअल टाकल्या, पुढचे दिवस घरून लॉग-इन केलं आणि हिंजवडीला जाणारी बस आठवडाभर माझ्याशिवाय गेली.

माझी आजी २०२४च्या ऑगस्टमध्ये गेली. वय चौऱ्याऐंशी. (घ्या, सांगून टाकलं.)

तिची ओळख करून द्यायची तर... पुण्याची. नऊवारी कधीच सोडली होती, पण नऊवारीच्या गोधड्या शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. चार आण्याला 'पावली' म्हणायची आणि ऑनलाइन आलेल्या पार्सलवरची किंमत वाचून "एवढ्यात आमचा महिना निघायचा" हे न चुकता ऐकवायची. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७०मध्ये आलं, ते तिने लगेच घेतलं होतं. त्याच्या पानापानावर पेन्सिलीने तिचे शेरे आहेत. 'गूळ कमी.' 'वेळ जास्त लागतो.' एका पानावर नुसतंच, 'हे असं नसतं.' टीव्हीवर जरा इकडचा-तिकडचा सीन आला की रिमोट तिच्या हातात. मधुमेह होता, त्यामुळे गोड बंद, तळलेलं बंद. म्हणजे डॉक्टरांच्या कागदावर बंद.

थोडक्यात काय, तुमच्या-आमच्या घरात असते तशीच आजी. निदान मला तरी बत्तीस वर्षं तसंच वाटत होतं.

आता घरातली परिस्थितीही सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे बाबा थोरले, मग काका, मग आत्या. आजीचं गोखलेनगरमधलं जुनं घर रीडेव्हलपमेंटला द्यायचं की नाही, यावरून बाबा आणि काका चार वर्षं एकमेकांशी धड बोलत नव्हते. भांडण असं काही नाही. मराठी मध्यमवर्गीय घरात भांडण कुठे होतं? अबोला होतो. "त्याला सांग, कागद मिळाले," असं बाबा आत्याला सांगणार. "त्याला सांग, मग सही कर म्हणावं," असं काका आत्याला सांगणार. आत्या बिचारी चार वर्षं टेलिफोन एक्स्चेंज चालवत होती. आजीला हे सगळं दिसत होतं. ती काही म्हणायची नाही. दिवाळीच्या फराळाचे डबे मात्र दोघांना एकाच वेळी न्यायला बोलवायची आणि मग मुद्दाम चहा करायला वेळ लावायची.

दहाव्याला सगळे घाटावर जमलो. हल्ली मुलीही जातात, मीही गेले. पिंड मांडले गेले, सगळे मागे सरकले आणि कावळा काही शिवेना. झाडावर चार-पाच बसलेले, आमच्याकडे बघतायत, पण खाली यायला तयार नाहीत. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल तर बोला." मग सुरू झालं. कुणी म्हणालं, "नातीचं लग्न करू." (सगळे माझ्याकडे बघायला लागले. धन्यवाद!) कुणी म्हणालं, "तुमच्या तुळशीला रोज पाणी घालू." कावळे ढिम्म. मग एक अवघड शांतता पसरली. सगळ्यांना माहीत होतं की आजीची खरी इच्छा कोणती होती आणि ती कुणी बोलायची होती. बाबा नदीकडे बघत होते, काका बुटांकडे. पुढचं कुटुंब रांगेत उभं होतं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. तेवढ्यात आत्याने पर्समधून चितळ्यांच्या बाकरवडीचं पाकीट काढलं, दोन बाकरवड्या पिंडाशेजारी ठेवल्या आणि म्हणाली, "घे आई, आता शुगर वाढणार नाहीये."

अर्ध्या मिनिटात कावळा खाली!

कावळ्यांनाही बाकरवडी आवडते, हे वैज्ञानिक स्पष्टीकरण मला पूर्ण मान्य आहे. पण त्या घाटावर आम्ही सगळे जे हसलो ना, त्याला तोड नाही. पुढच्या कुटुंबातले लोकही हसले. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की गेले दहा दिवस घरात आजीबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं. बोललो होतो ते डेथ सर्टिफिकेट, बँकेचं नॉमिनेशन, पेन्शन आणि गॅसचं कनेक्शन याबद्दल. आजीबद्दलचं पहिलं खरं वाक्य आत्या त्या बाकरवडीबरोबर बोलली.

मग आला तेरावा. गोडाचं जेवण. नातेवाईक होतेच, पण त्यांच्याशिवायही माणसं आली. आजीच्या भिशीतल्या तिघीजणी आल्या. पूर्वी घरी कामाला असलेल्या मावशी आल्या. कोपऱ्यावरचा भाजीवाला आला. माझी एक कॉलेजची मैत्रीण थेट बंगळूरहून आली. आणि रिक्षातून, काठी टेकत, नातवाचा हात धरून, शहाऐंशी वर्षांच्या एक काकू आल्या. आजी नारायण पेठेत वाड्यात राहायची तेव्हाच्या शेजारी. त्यांना आम्ही 'वाड्यातल्या काकू' म्हणतो.

जेवणं झाली. सुपाऱ्या झाल्या. बाबा बाहेरच्या खोलीत, काका आतल्या. एवढ्यात माझ्या मैत्रिणीने सुरुवात केली.

ती म्हणाली, "आजींनी मला एकदा वाचवलंय." थर्ड इयरला असताना तिचं ब्रेक-अप झालं होतं आणि ती रात्री नऊ वाजता रडत आमच्या घरी आली होती. मी क्लासला गेले होते. आजीने तिला काही विचारलं नाही. मऊ भात, त्यावर मेतकूट, तूप, आणि ताट समोर ठेवून म्हणाली, "आधी जेव. उपाशी पोटी रडू नये, त्याला ताकद लागते." मैत्रीण म्हणाली, "मी जेवले आणि मग मला रडूच येईना. आता माझ्या टीममधलं कुणी बाथरूममधून डोळे लाल करून आलं की मी आधी कँटीनमध्ये नेते. एवढीच काय ती माझी लीडरशिप स्किल."

भाजीवाल्याने सांगितलं की आजी कोथिंबिरीच्या जुडीत दोन रुपयांसाठी पाच मिनिटं घासाघीस करायची. "आणि माझ्या पोराच्या वाढदिवसाला न चुकता पाकिटात एक्कावन्न रुपये. मी हिशेब केला एकदा, माझाच फायदा होता."

मग काकाने तो ऐतिहासिक प्रश्न विचारला.

त्याचं असं आहे, की आजी रोज हिशेब लिहायची. दूध, वाणी, लाइट, पेपर, रिक्षा. वर्षाला एक वही. आणि प्रत्येक महिन्याच्या शेवटी एक ओळ असायचीच, 'किरकोळ.' सत्तरच्या दशकात किरकोळ दहा-बारा रुपये, पुढे पन्नास, मग पाचशे. कशाचे? काही नाही. नुसतं किरकोळ. माझा काका सीए आहे. लोकांच्या कंपन्यांची बॅलन्स शीट सोलणाऱ्या माणसाला स्वतःच्या आईच्या वहीतली ही ओळ जन्मभर खुपत होती. आजी दाद देत नव्हती. "किरकोळ म्हणजे किरकोळ," एवढंच उत्तर.

तर काका भिशीतल्या आज्यांना म्हणाला, "तुम्हाला तरी माहितीये का, आईचं ते किरकोळ काय होतं?"

तिघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. शाळेतल्या मुली मागच्या बाकावर हसतात ना, तशा. शेवटी त्यांतली सगळ्यात ठेंगणी म्हणाली, "आता ती गेली, सांगायला हरकत नाही. मॅटिनी."

"मॅटिनी?"

"सिनेमा रे. मुलं शाळेत, नवरे ऑफिसात. आम्ही चौघी. सिनेमा आणि नंतर भेळ. दादा कोंडक्यांचा एक सोडला नाही आम्ही."

खोलीत शांतता. बाबा बाहेरच्या खोलीतून दारात येऊन उभे राहिले. "आमची आई? दादा कोंडके?"

"'पांडू हवालदार' दोनदा," आजी शांतपणे म्हणाल्या. "दुसऱ्यांदा तिच्या आग्रहाने. पहिल्यांदा हसण्यात निम्मे डायलॉग ऐकू आले नाहीत म्हणाली."

मित्रांनो, 'पांडू हवालदार' १९७५चा. म्हणजे बाबा पंधरा वर्षांचे, काका अकरा. या दोघांना त्या काळात घरात 'वाह्यात सिनेमे' बघायला सक्त बंदी होती. बंदी कुणाची? ओळखलंत!

हसणं ओसरलं तेव्हा कामाच्या मावशी दारापाशी बसल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "सगळं काही सिनेमाचं नव्हतं, भाऊ." त्यांच्या मुलीच्या दहावीच्या आणि बारावीच्या परीक्षेचे फॉर्म, दोन वर्षं क्लासची फी, नंतर नर्सिंगच्या कोर्सची पुस्तकं. "कुणाला सांगू नकोस म्हणाल्या होत्या. पोरीला ओशाळं वाटेल म्हणाल्या." मुलगी आता नर्स आहे. शेवटच्या महिन्यात आजीची साखर तपासायला घरी यायची ती कोण, तर हीच. आम्हाला वाटायचं, ओळखीतली आहे म्हणून येते.

काका बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ऑडिट क्लोज."

पण दिवसाचा मेन पिक्चर अजून बाकी होता.

पुण्यातल्या जुन्या घरांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १२ जुलै १९६१. त्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं आणि मग खडकवासल्याचीही भिंत गेली. आदल्या रात्रभर जवान पानशेतला वाळूची पोती रचत होते, तरी धरण वाचलं नाही. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, मातीच्या भिंतींचे वाडे बसले, पूल पाण्याखाली गेले. दिवसाउजेडी झालं म्हणून बरीच माणसं पळून वाचली. शहराला पाणी पुरवणारं धरणच गेलं होतं. त्यामुळे पूर ओसरल्यावर लोकांनी पिण्याच्या पाण्यासाठी जुन्या विहिरी शोधल्या. पुढे पूरग्रस्तांसाठी वसाहती झाल्या. गोखलेनगर त्यातलंच. आमचं घर तिथे आहे ते त्यामुळेच. आजी तेव्हा एकवीस वर्षांची, पदरात वर्षाचे बाबा, आणि आजोबा कामासाठी मुंबईला गेलेले.

आता गंमत ऐका. बोलता बोलता बाबा म्हणाले, "त्या पुरातून आईने एका कडेवर मला आणि दुसऱ्या हातात मिसळणाचा पितळी डबा घेतला होता. मला म्हणायची, मिसळणाचा डबा वाचला की घर वाचतं."

काका म्हणाला, "डबा? हिशेबाची वही घेतली होती! मी लहानपणी पैसे उडवायचो तेव्हा मला सांगितलं होतं तिने. सगळं वाहून गेलं तरी हिशेब राहिला पाहिजे म्हणाली."

आत्या म्हणाली, "काहीतरीच काय! मॅट्रिकचं सर्टिफिकेट घेतलं होतं, पोलक्यात खोचून. मी एफवायला नापास झाले आणि कॉलेज सोडते म्हणाले, तेव्हा सांगितलं होतं मला. भांडी परत घेता येतात, शिक्षण परत घेता येत नाही म्हणाली."

तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. साठ वर्षं प्रत्येकाला वाटत होतं की ही गोष्ट आपल्या एकट्यालाच नीट माहीत आहे. त्यामुळे कुणी कधी पडताळून पाहिलीच नव्हती. आणि मग चार वर्षांत पहिल्यांदा बाबा थेट काकाला म्हणाले, "अरे, तू जन्मला तरी होतास का तेव्हा?" काका म्हणाला, "आणि तू तर मोठा साक्षीदार! वर्षाचा होतास!"

आत्याने माझ्याकडे बघितलं. एक्स्चेंजमधून न जाता लागलेला हा पहिला कॉल होता.

वाड्यातल्या काकू इतका वेळ खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. आम्हाला वाटलं झोपल्या. त्या म्हणाल्या, "काही घेतलं नव्हतं तिने. चपलासुद्धा नव्हत्या पायात."

आणि मग त्यांनी सांगितलं. "धरण फुटलं, धरण फुटलं म्हणून ओरडा झाला. आमचे हे खडकीला ड्युटीवर. माझ्या कडेवर थोरली, पोटात दुसरं. सासूबाईंना मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांनी दिसायचं नाही. त्या जागच्या हलेनात. म्हणाल्या, मला राहू द्या, तुम्ही पोरं जगवा. मी रडायला लागले. तुमची आई जिन्यावरून खाली आली. एका काखेत हा," त्यांनी काठीने बाबांकडे बोट केलं, "आणि दुसऱ्या हाताने तिने सासूबाईंचं मनगट धरलं. म्हणाली, 'माई, माझं पोर भेदरलंय, ते तुमच्या ओवीशिवाय गप्प बसत नाही. तुम्ही ओवी म्हणा, आपण जरा त्याला फिरवून आणू.' आणि माई उठल्या, बाबा! त्या ओव्या म्हणत चालल्या आणि ही त्यांना धरून चालली. गुडघाभर पाणी होतं बोळात. उंचावरच्या शाळेत पोचलो तोवर एकीमागून एक ओवी चाललेली. मागे बघितलं नाही. वाडा रात्रीत गेला." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "माई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. माझी दोन्ही पोरं त्यांनीच सांभाळली. आता कुठला डबा नि कुठली वही? तिसरा हात होता कुठे तिला?"

कुणी काही बोलेना. मग काका म्हणाला, "पण डबा तर आहे घरात."

बाबा उठून स्वयंपाकघरात गेले आणि डबा घेऊन आले. मिसळणाच्या वाट्या एकेक करून बाहेर काढल्या. मोहरी, हळद, हिंग. डबा उलटा केला. पूर्वी भांड्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत होती, आठवतंय? टिंब-टिंब कोरलेली अक्षरं. तळाशी बारीक काहीतरी होतं, पण बाबांना दिसेना. काकाने स्वतःचा चष्मा काढून पुढे केला. बाबांनी तो लावला आणि वाचलं. आजीचं नाव, आणि खाली १९६२.

पुरानंतरचं वर्ष.

आत्या धावत जाऊन ट्रंक घेऊन आली. सगळ्यात जुनी हिशेबाची वही निघाली. पहिलं पान, ऑगस्ट १९६१. मॅट्रिकचं सर्टिफिकेट निघालं. त्यावर 'दुय्यम प्रत' असा शिक्का, साल १९६२. म्हणजे डबा नंतर घेतलेला, वही नंतर सुरू केलेली आणि सर्टिफिकेटही नंतर अर्ज करून काढलेलं. सगळं वाहून गेलेल्या बाईने वर्षभरात एकेक करून परत उभं केलेलं.

"म्हणजे आई खोटं बोलली आपल्याशी," बाबा म्हणाले.

"तिघांशी," आत्या म्हणाली. "वेगवेगळं."

"आणि साठ वर्षं कन्सिस्टंटली," सीए म्हणाला. आणि मग तिघंही असे हसले, असे हसले, की वाड्यातल्या काकूंना वाटलं त्यांची काहीतरी चेष्टा चाललीय.

मला त्या दिवसापासून एक विचार सोडत नाही. जिला गरज पडेल तसं, ज्याला गरज पडेल तसं, आजीने प्रत्येकाच्या हातात एकेक वस्तू ठेवली होती. आणि जे खरं होतं, ते सांगण्यासारखं आहे असं तिला वाटलंच नव्हतं. तिच्या हिशेबात तेही बहुधा 'किरकोळ'मध्येच जात असणार.

आपण आजीला ओळखतो म्हणजे काय ओळखतो हो? आपण भेटतो तोपर्यंत ती पन्नाशीच्या पुढे गेलेली असते. तिच्या सिनेमाचा इंटरव्हल झालेला असतो. आपण उशिरा थिएटरात शिरतो आणि सेकंड हाफ बघून म्हणतो, हो, छान होतं पिक्चर, कौटुंबिक होतं. पहिला भाग ज्यांनी पाहिलेला असतो ती माणसं वेगळी असतात. भिशीतल्या, वाड्यातल्या, भजनी मंडळातल्या. त्यांना आपण तेराव्याला वाकून नमस्कार करतो, लाडू वाढतो आणि रिक्षात बसवून देतो. त्यांना जरा बसवून घ्यायला हवं.

आणि हे फक्त घरगुती हळवेपण आहे असं समजू नका. बहिणाबाई चौधरी १९५१मध्ये गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातल्या माणसांनी त्यांची गाणी कागदावर उतरवून ठेवली होती. त्यांचा मुलगा, कवी सोपानदेव, यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आलं. विचार करा, घरच्यांनी 'आईचं काय, ती कामात गुणगुणतच असते' असं म्हणून सोडून दिलं असतं तर? वाड्यातल्या माईंसारख्या किती बायकांच्या ओव्या अशाच जात्याबरोबर बंद पडल्या असत्या. पण हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगाव फिरून त्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या! 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या वेबसाइटवर २०१७पासून त्या येत आहेत. खऱ्या आवाजात ऐकायलाही मिळतात. एकदा हेडफोन लावून ऐका. हिंजवडीच्या ट्रॅफिकला याहून चांगला उतारा नाही.

असो. आमच्या घरी पुढे काय झालं ते सांगते. रीडेव्हलपमेंटचा प्रश्न सुटला का? नाही! अजून तसाच आहे. पण 'त्याला सांग' बंद झालंय. आता दोघं थेट एकमेकांना फोन करून भांडतात, आणि फोन ठेवताना "चहाला ये" म्हणतात. आत्या रिटायर झाल्यासारखी निवांत आहे. डबा सहा महिने आमच्याकडे असतो आणि सहा महिने काकाकडे. देताना वाट्या भरून द्यायच्या, असा नियम आहे. वाड्यातल्या काकूंकडे मी आता महिन्यातून एकदा जाते, फोनचा रेकॉर्डर चालू करून. त्या आधी "बंद कर ते" म्हणतात आणि मग दोन तास बोलतात.

आता तुमच्यासाठी, या वीकेंडचा होमवर्क. ज्यांची आजी आहे त्यांच्यासाठी आणि ज्यांची नाही त्यांच्यासाठीही.

'आजी, तुझ्या आयुष्याबद्दल सांग' असं विचारू नका. उत्तर येईल, "काय सांगायचंय, सगळं चांगलं झालं." त्यापेक्षा एखादी वस्तू हातात घ्या आणि 'ही कुठून आली?' असं विचारा. वस्तूवरून गोष्ट निघते, गोष्टीतून माणसं निघतात.

जुन्या फोटोंच्या मागे सौम्य हाताने, पेन्सिलीने नावं लिहून घ्या. डावीकडून तिसरी बाई कोण, हे सांगू शकणारं घरात एकच माणूस उरलेलं असतं.

रेकॉर्डिंग केलंत तर फोनमध्ये ठेवून विसरू नका. दोन ठिकाणी कॉपी करा आणि फाइलला नाव द्या. 'ऑडिओ झिरो झिरो फोर' हे नाव नव्हे.

एकाच माणसाची गोष्ट तीन जणांना वेगवेगळी विचारा. जुळली नाही तर घाबरू नका. तिथेच खरी गंमत सुरू होते.

पुढच्या वेळी शेजारच्या क्युबिकलमधल्या कुणाची आजी गेली, तर 'कशा होत्या गं?' एवढंच विचारा आणि पाच मिनिटं ऐका. मीटिंग थांबते. थांबू दे.

आणि हो, घरातली जुनी भांडी एकदा उलटी करून बघा. चष्मा जवळ ठेवा.